हळद-कुंकवाचं रिव्हॉल्वर

हैदराबाद,
७ ऑगस्ट २०२३

श्री. सुंदरराव मालक, मु. तलवाडा, यांना सुग्रीवचा रामराम.

तुमच्या पत्राला तिकीट पाच रुपयांचं, पण मला ते त्याहून महाग पडलं. पोस्टमन ‘तलवाडा’ म्हणाला आणि हातातली कानस सटकून अंगठ्यावर आली. धनुर्वाताचं इंजेक्शन, एका गिऱ्हाइकाची बोलणी आणि आमच्या बापाच्या मेंढ्या डोक्यात शिरल्यामुळे बुडालेली एक झोप, एवढं सगळं धरलं तर तुम्ही मला चांगलाच खर्चात घातलात. तरी गाव सोडल्यापासून तलवाड्याहून कुणी ‘सुग्रीव यास’ असं शाईनं लिहिलं नव्हतं. म्हणून हिशेब फिटला असं धरतो.

फोनवर हे बोलायचं नाही म्हणता, ते बरोबर. आपल्या जिल्ह्यात सध्या ‘रिव्हॉल्वर’ शब्द फोनवर उच्चारला की पलीकडे दोघं ऐकतात, एक आपला आणि एक परका. कागदच बरा.

आता तुमचं काम. घरात वडिलांच्या वेळचं रिव्हॉल्वर आहे, परवाना तुमच्या नावावर आहे आणि ‘कलेक्टर त्याचं काय देतील’ ते मी सांगावं. मालक, हे वाचून मी घाबरलो. मला वाटलं, कलेक्टर कचेरीनं हत्यारं जमा करायला लावली आणि तुम्ही भरपाई मागताय. सरकार हत्याराची पावती देतं, पैसे देत नाही, असं उत्तरही अर्धं लिहून झालं होतं. मग पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा त्यात संभाजीनगरचे ते अमरसिंह सापडले, जुनी हत्यारं जमवणारे. ‘कलेक्टर लोक वेडे असतात’ असं ते तुम्हाला म्हणाले होय. त्यांना आपण संग्राहक म्हणू, नाहीतर बीडला गैरसमज व्हायचा.

संग्राहक वेडे असतात, खुळे नसतात. हत्याराचं न बिघडलेलं म्हातारपण ते विकत घेतात. मूळची झिलई कुठे कुठे टिकली आहे, अंगावरचे आकडे वाचता येतात का, मूठ मूळचीच आहे की कुणी सुतारानं बसवली आणि ते तुमच्याकडे कसं आलं याचा कागद आहे का, एवढं कळवा. आणि हात जोडून सांगतो, ते घासू नका. आहे तसं राहू द्या. गंज असला तर गंजासकट.

बाकीचं मी येऊन बघेन. आमच्या उस्तादांनी मला हे काम डोळ्याआधी कानानं शिकवलं. हत्यार आत काय बोलतं ते ऐकल्याशिवाय मी किंमत सांगत नाही.

आपला,
सुग्रीव


तलवाडा,
२० ऑगस्ट २०२३

सुग्रीव यास अनेक आशीर्वाद.

तुझा बाप आमच्या रानात मेंढरं बसवायचा, तेव्हा तू शेंबडा होतास. आता हैदराबादेत बंदुका दुरुस्तीचं दुकान घालून बसलास आणि आम्हाला प्रश्न विचारतोस. विचार. आम्हाला त्याचा अभिमानच आहे.

हत्यार इंग्रजी आहे. वडिलांनी जालन्याच्या छावणीतल्या साहेबाला खिलारी बैलजोडी देऊन घेतलं. कागद नाही. त्या काळी शब्द हाच कागद होता. रझाकारांच्या वेळी टोळी वेशीपाशी आली, तेव्हा वडील हे घेऊन एकटे उभे राहिले. एकच गोळी झाडली म्हणतात आणि टोळी गेली ती गेलीच. तेव्हापासून आजपर्यंत या हत्यारावर नजर पडली की माणसाचं पाणी होतं. बांधाचा तंटा असो की पंचायतीचा, आम्हाला आवाज चढवावा लागत नाही. खंडेनवमीला पाटावर मांडतो, गाव बघून जातं, वर्ष निभतं.

आकडा काही सापडला नाही. अमरसिंह बघायला येणार म्हणून विमलबाईनं तुझं पत्र यायच्या आधीच चिंच आणि राख लावून घासलं. आता त्यात तोंड दिसतं. तुझ्या संग्राहकाला आवडेल.

विकायचं मात्र नाही. किंमत कळली पाहिजे, ती वेगळ्या कारणासाठी. थोरल्याचा मुलगा आदिनाथ आमच्याजवळ राहून शेती बघतो. बाविशीत आहे. या खंडेनवमीला हत्यार त्याच्या हाती द्यायचं ठरवलंय. परवान्याचं पुढे बघू. तुझ्यासारख्या जाणत्यानं ‘हत्यार अमुक मोलाचं आणि उत्तम स्थितीत’ असं लिहून दिलं, तर पोराला त्याची कदर राहील.

यंदा पाऊस नाही. माळावर काडी नाही, त्यामुळे मेंढरं पिकात शिरताहेत. तुझ्या बहिणीचा, दगडाबाईचा पोरगा परमेश्वर मेंढरांचं खांड घेऊन आताच उतरलाय. दर साली दिवाळीनंतर येतो. त्याला जरा सांग.

सुंदरराव


हैदराबाद,
२८ सप्टेंबर २०२३

सुंदरराव मालकांना रामराम.

तुमच्याकडे आलो, जेवलो आणि मुद्द्याचं काही न बोलता निघून आलो, याचा तुम्हाला राग आला असेल. बैठक भरलेली होती. डॉक्टर दवाखान्यात गप्प बसतो आणि घरच्या माणसाला बाहेर बोलावून सांगतो, तसं मी हे पत्रातून सांगतोय.

आधी चांगलं सांगतो. मूठ अक्रोडाच्या लाकडाची आहे, मूळची आहे आणि एकाच हाताच्या घामानं काळी पडलेली आहे. तो हात तुमच्या वडिलांचा असेल. संग्राहक पहिल्यांदा तिथेच हात ठेवेल, आणि मीही ठेवला.

नळीखालचा ठसा भिंगातून बघितला, चिंचेनं जेवढा शिल्लक ठेवला तेवढा. तो बेल्जियमचा आहे. इंग्रजी रिव्हॉल्वरच्या नकला तिकडे पुष्कळ निघत आणि आपल्याकडे येत. साहेबाकडून घेतलं असेल, मी नाही म्हणत नाही. साहेब लोकही स्वस्तातलं घेत असतील. मूळची निळसर झिलई गेली, आकडे गेले. विमलकाकी मला म्हणाल्या, “देव घासते तसं घासलं. देवाला गंज चालत न्हाई, मग ह्याला कावून चालावा?”

पण काकींना बोल लावू नका. खरं नुकसान त्या आधीचं आहे. पोलादावर देवीच्या वणांसारखे बारीक खड्डे आहेत, आणि ते एकाच कुशीला, उजवीकडे. डावी कूस त्या मानानं नितळ. असं मी कधी बघितलं नव्हतं. म्हणून काकींना विचारलं, पाटावर मांडताना कोणती बाजू वर असते? “उजवी. सासूबाईपासनं उजवीच.” हळद, कुंकू, वर नारळाचं पाणी, आणि सीमोल्लंघन होईपर्यंत पुसायचं नाही. दर वर्षी. मालक, घामानं खाल्लेली हत्यारं मी पाहिली, समुद्राच्या वाऱ्यानं खाल्लेली पाहिली. मानानं खाल्लेलं हे पहिलंच.

मग मी सगळ्यांना गप्प बसवलं, आठवतंय ना. गोळ्या भरायचं जे फिरतं चाक, त्याला आम्ही चक्री म्हणतो. चांगल्या रिव्हॉल्वरचा घोडा मागे घेताना आत टकटक होते आणि शेवटी चक्री जागेवर बसल्याचा घट्ट आवाज येतो, लाकडी पेटीचं झाकण बसावं तसा. तुमचं नुसतं खरखरलं. चक्री अर्ध्यात अडकली. मग घोड्याचं टोक बघितलं, गोळीच्या बुडावर आपटतं ते. ते मोडलेलं आहे. आणि मोडलेल्या जागेवरचा गंज बाकीच्या गंजाएवढाच जुना आहे. म्हणजे आदिनाथच काय, त्याचा बाप जन्मायच्या आधीच ते मोडलं असणार.

हत्यार मेलेलं आहे. ते दुरुस्त करण्यात अर्थ नाही, आणि कुणी सांगितलं तरी मी करणार नाही.

अमरसिंहांनी घेतलं तर मुठीसाठी घेतील. गोष्टीला ते किंमत देतील असं वाटत नाही. त्यांच्या जगात कागद असेल तर गोष्ट, नसेल तर गप्पा. तुम्ही विकणार नाहीच, तरी विचारलंत म्हणून सांगतो, मोटरसायकलच्या टायरांची एक जोडी येईल.

आता जे सांगायला हे पत्र लिहिलं ते. आदिनाथ मला दारापर्यंत सोडायला आला. “काका, एकदा झाडून दावायचं व्हतं की. मोबाईलवर घेतलं असतं.” मी हसण्यावारी नेलं. पोराच्या आवाजात हौस होती, पण हौसेखाली दुसरंही काही होतं. तुम्ही त्याच्या हाती हत्यार देणार म्हणता. आमचे उस्ताद म्हणायचे, जिंदा हत्यार सामनेवाले को मारता, मुर्दा हत्यार पकडनेवाले को. ते पाटावर मांडा, माळ घाला, पण घरात सगळ्यांना सांगून टाका की ते चालत नाही. गावालाही कळू द्या. लोक चार दिवस हसतील आणि विसरतील.

सुग्रीव


तलवाडा,
९ ऑक्टोबर २०२३

सुग्रीव यास,

तुझं पत्र वाचून फाडून टाकलं. तुझ्या ज्ञानाबद्दल शंका नाही, पण तुझा कानही आता साठीला आला.

समज तू म्हणतोस तसं असलं, तरी ते चालतं की नाही हे विचारतोय कोण? आजवर कुणी विचारलं नाही. तुला शहरात राहून कळत नाही. इथे हल्ली काल आलेली पोरं वाळूच्या पैशावर गाड्या उडवतात, कमरेला काय काय लावून फिरतात. त्यांच्यात आमच्यासारख्या घराला कोण मोजतं? जे थोडं मोजतात ते या एका वस्तूमुळे. तू म्हणतोस, गावाला कळू द्या. म्हणजे दसऱ्याच्या दिवशी मी माझं धोतर वेशीला टांगू का?

भीती आहे तोवर भांडण नाही. परवा परमेश्वराची मेंढरं तुरीत शिरली. आदिनाथ नुसता बांधावर जाऊन उभा राहिला. तुझा भाचा मुकाट खांड वळवून गेला. हातात काही नव्हतं, पण घरात काय आहे ते त्याला ठाऊक आहे. याला म्हणतात राखण.

तेव्हा दोन गोष्टी. जे पाहिलंस ते तुझ्यापाशी ठेव. बहिणीकडे नको, भाच्याकडे तर नकोच. आणि ‘स्थिती उत्तम’ एवढ्या दोन शब्दांचा कागद पाठव. तुझ्या बापाचं मीठ आमच्या घरचं होतं, हे मी कधी बोलून दाखवलं नाही.

सुंदरराव


हैदराबाद,
१६ ऑक्टोबर २०२३

सुंदरराव मालकांना रामराम.

बोलून दाखवलं नाही म्हणता म्हणता दाखवलंत, ठीक आहे. मीठ होतं. आमच्या मेंढ्यांची लेंडी तुमच्या रानात होती. दोन्ही जागच्या जागी जिरलं.

‘स्थिती उत्तम’ मी लिहिणार नाही. मी चौथी नापास माणूस. ज्या दुकानात झाडू मारला तेच दुकान पुढे माझ्या नावावर झालं, ते माझ्या कागदावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात म्हणून. हा कागद खोटा निघाला तर माझ्याकडे दुसरा धंदा नाही.

पण गप्प राहायचं म्हणाल, तर राहतो. आमच्या कामाचा पहिला नियमच तो. गिऱ्हाइकाच्या हत्याराची गोष्ट गिऱ्हाइकाची असते. दगडाबाईला बोलणार नाही, परमेश्वरालाही नाही. त्याला एवढंच कळवलंय की तुमच्या रानापासून खांड लांब ठेव. तो म्हणतो, “मामा, लांब कुठं न्यावं? लांब बी काय न्हाई.”

माझ्या गप्प राहण्याला एक अट आहे. आदिनाथला सांगा. एकट्याला, खोलीत नेऊन, तोंडानं. बाकीच्या गावाला तुम्ही काय भासवायचं ते भासवा. पण ज्याच्या हातात देणार आहात त्याला तरी आपल्या हातात काय आहे ते माहीत असू द्या. तुम्ही सांगितलं असं मी धरून चालतो. नाही म्हणायचं असेल तरच उत्तर पाठवा.

सुग्रीव


तलवाडा,
१९ डिसेंबर २०२३

सुग्रीव यास,

आदिनाथ गेला.

तुला बहिणीकडून कळलंच असेल, तरी मी कळवतो. पाच तारखेला दिवस मावळताना हरभऱ्यात मेंढरं शिरल्याचं गडी सांगत आला. पोरगं हत्यार घेऊन गेलं. तुझ्या भाच्यानं गोफणीतून दगड मारला, तो कानशिलावर बसला. बीडला नेलं. बीडहून संभाजीनगरला नेलं. चौथ्या दिवशी आणलं.

परमेश्वर अटकेत आहे. ठाण्यात तो तोंड उघडत नाही. पण त्याचा वकील काय म्हणणार ते गावात आत्ताच बोललं जातंय. समोर रिव्हॉल्वर रोखलेलं बघितलं, जिवाच्या भीतीनं हात चालला, स्वतःला वाचवलं. म्हणजे माझं पोरगं मारायला गेलं होतं आणि मारणारा बिचारा.

म्हणून तुला लिहितो. ते हत्यार निकामी होतं हे तू तपासलंयस. तसं लिहून दे, कोर्टात येऊन सांग. घोड्याचं टोक मोडलेलं होतं, चक्री फिरत नव्हती, सगळं. माझ्या पोराच्या हातात लोखंडाचा तुकडा होता. तो निःशस्त्र होता आणि तुझ्या भाच्यानं निःशस्त्राला मारलं.

तुझा भाचा आहे हे मला माहीत आहे. तरी तू खरं सांगशील, म्हणून तुलाच लिहितो.

सुंदरराव


हैदराबाद,
२७ डिसेंबर २०२३

सुंदरराव मालकांना,

काय लिहावं. ते पोर मला दारापर्यंत सोडायला आलं होतं. माझी पिशवी त्यानंच उचलली होती. त्याचा आवाज अजून कानात आहे. माझ्या कानांना विसरायची सवय नाही.

दगडाबाई रोज फोन करते. तिला वाटतं हैदराबादचा माणूस म्हणजे वरपर्यंत ओळखी. मी वकील दिलाय, एवढंच.

तुम्ही मागता ते मी देईन. हत्यार निकामी होतं. लेखी देईन आणि कोर्टात उभा राहून शपथेवर सांगेन. पण शपथ अर्धी घेता येत नाही, मालक. त्याच तोंडानं मला पुढचंही सांगावं लागेल, की ते निकामी आहे हे साऱ्या पंचक्रोशीत फक्त दोघांना ठाऊक होतं, तुम्हाला आणि मला. ते ठाऊक होऊ नये अशी तुमची इच्छा होती, आणि मी ती पाळली. परमेश्वराच्या दृष्टीनं ते जिवंत होतं. तुम्हीच ते जिवंत ठेवलं होतं. भीतीनं राखण होते असं तुम्ही म्हणालात. त्या भीतीनंच दगड मारला, असं माझा वकील म्हणेल, आणि मला तेच खरं वाटतं.

हे मी तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. मी एक वाक्य भाच्याला बोललो असतो, तर तो ते लोखंड बघून हसला असता आणि आदिनाथ रागावून घरी आला असता. मी बोललो नाही. धंद्याचा नियम पाळला.

एकच विचारतो. ज्या अटीवर मी गप्प बसलो ती पाळलीत का? आदिनाथला सांगितलं होतं का?

सुग्रीव


तलवाडा,
११ जानेवारी २०२४

सुग्रीव यांना विमलबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र मालकांनी वाचलं आणि उशाखाली ठेवलं. उत्तर देत नाहीत. म्हणून मी लिहिते. माझं लिहिणं सातवीपर्यंतचं आहे, समजून घ्या.

त्यांनी आदिनाथला सांगितलं नव्हतं. खंडेनवमीला त्याला फेटा बांधला, गाव बसलं होतं, पाटावरून हत्यार उचलून त्याच्या हातात दिलं. पोरानं हळूच विचारलं, “आबा, चालतं न्हवं?” मी नारळाचं ताट घेऊन शेजारीच उभी होते. हे म्हणाले, “आजवर हे विचारायची कुणाची छाती झाली न्हाई.” सगळे हसले. पोरानं ते हो असंच धरलं. मीही तसंच धरलं. मला तरी कुठं माहीत होतं. तुमचं ते तपासणीचं पत्र फाडलेलं, त्याचे तुकडे मी चुलीत घातले होते, न वाचता.

आता त्यांनी मला सगळं सांगितलं. एका संध्याकाळी, आपण होऊन. तेव्हापासून ओसरीवर बसून असतात. कुणी आलं तरी आत या म्हणत नाहीत. मी घासलं म्हणून किंमत गेली, असं तुम्ही लिहिलं होतं म्हणे. मला हसू आलं आणि मग दिवसभर दुसरं काही आलं नाही.

ते रिव्हॉल्वर पोलिसांनी नेलं. पाट रिकामा आहे. यापुढं तो मांडायचा नाही असं मी सुनेला सांगून टाकलं.

कोर्टाचं काय व्हायचं ते होईल. वकील लोक म्हणतात भीतीनं मारलं, आमची माणसं म्हणतात डूख धरून मारलं. दगडाबाईचं लेकरू मी लहानपणापासून बघितलंय. दर साली दारावर येऊन ताक पिऊन जायचं. मला कुणाला फाशी द्यायची नाही आणि सोडायचंही माझ्या हातात नाही. पण रात्री हेच डोक्यात येतं, की माझ्या नातवाकडं बघताना त्याच्या मनात काय होतं, भीती होती का राग होता. तुम्ही त्याचे मामा. तुम्हाला तो खरं सांगेल. आणि तो खोटं बोलला तर ते तुम्हाला ऐकू येतं असं मालक म्हणतात. मला एवढं कळवा. जे असेल ते.

विमलबाई


बीड,
४ फेब्रुवारी २०२४

विमलकाकींना सुग्रीवचा नमस्कार. हे मालकांनाही वाचून दाखवा.

काल तुरुंगात परमेश्वराला भेटलो. जाताना वकिलाकडे गेलो होतो. त्यानं सगळा कागद तयार ठेवलाय. पिस्तूल माझ्यावर रोखलं, मला ते चालू आहे असं गावानं सांगितलं होतं, जीव घाबरला, हात चालला. कागद चांगला आहे. त्यात खोट काढायची तर फार हुशार माणूस लागेल. मीच ती कल्पना दिली होती, आणि खरं सांगायचं तर मला तिचा थोडा अभिमानही होता.

परमेश्वर वाळलाय. जाळीच्या पलीकडे उभा होता. मी विचारलं, “कसा हायेस?”

“बरा हाय. मेंढरं कुणाकडं हायेत?”

“तुज्या संगतीचा माऊली बघतोय.”

“काळ्या एडक्याच्या खुराला किडं पडल्यालं व्हतं. त्याला सांगा.”

मग मी म्हणालो, “त्या दिवसाचं सांग.” त्यानं वकिलाचा कागद घडाघडा म्हणून दाखवला, पाठ केलेल्या कवितेसारखा. रोखलं, घाबरला, हात चालला. काकी, मी आयुष्यभर घोडे मागे ओढून ऐकत आलो. आत काही नसलं की ते वाजतं. हे वाजत होतं.

मी विचारलं, “कोणत्या हातात व्हतं रे पिस्तूल?”

त्यानं पुन्हा ‘रोखलं’पासून सुरुवात केली.

“उजव्या का डाव्या?”

शिपाई वेळ झाली म्हणून सांगून गेला. मी म्हणालो, “वकिलाला म्हण काय म्हणायचं ते. मला खरं सांग. विमलकाकींनी इच्यारलंय.”

तुमचं नाव घेतलं तेव्हा तो जाळीला टेकला.

“मामा, एडका हरभऱ्यात घुसलता. त्याच्यामागं सगळं खांड जानार, आन् मग मालकाचा बोल ऐकावा लागनार. म्हून त्याच्या म्होरं दगड टाकाया गोफन सोडली. टाकतोच की आमी, रोजच. दगड सुटला आन् आदिनाथ बांधाआडून उठला. कशाला बसलता तितं, मला काय ठावं. मी धावत गेलतो त्याच्याकडं. डोस्क्याखाली पटका घातला आन् हाका मारत बसलो. दिवस बुडालता, रगतच दिसत व्हतं.”

“आन् पिस्तूल?”

“मी एडक्याकडं बघत व्हतो, मामा. त्याच्या हातात काय व्हतं ते मला ठान्यात फौजदारानं सांगितलं.”

सुग्रीव